पाली घेतली म्हणून

१४ जुलै

हॉस्टेलच्या तिसऱ्या यादीतही नाव लागलं नाही, तेव्हा आज शहराच्या टोकाला, बेसाला राहायला आलो. मी आणि अश्विन. घर चंपतराव म्हणून पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या गृहस्थांचं आहे. खाली ते आणि जयवंताकाकू, वर गच्चीला लागून आमची खोली. जिना बाहेरून आहे, पण काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातो. कोण आलं, कोण गेलं, सगळं खाली कळतं.

काकांनी अश्विनची चौकशी केली. "वानखेडे म्हणजे पाटील ना तुम्ही?" अश्विन नुसता हसला. काका म्हणाले, "वाटलंच. चेहऱ्यावरून समजते." मग माझ्याकडे पाहिलं. "हा आयुष डोंगरे, माझ्या वर्गातला," अश्विननेच सांगून टाकलं.

वर आल्यावर मी म्हटलं, "काय बे पाटील, पंखा लाव." तो हसला नाही. त्याच्या तुमसरच्या घरी मी दोनदा राहून आलोय. वडील, देवरावकाका, एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. पाटीलबिटील काही नाही. पण आमच्यात तो विषय कधी निघतच नाही. आमच्या मैत्रीतलं हेच मला चांगलं वाटतं.

२१ जुलै

इलेक्टिव्हचा फॉर्म आज भरला. वेबसाइट तीन वेळा बंद पडली. उघडली तोवर योग आणि 'शेअर बाजाराची ओळख' दोन्ही भरलेले. उरलेल्यात 'पाली भाषा: प्राथमिक परिचय' होता. सीनियर म्हणतात, भरपूर मार्क मिळतात आणि तास मंगळवार-गुरुवार सकाळचेच. घेऊन टाकला.

अश्विनला शेअर बाजार मिळाला होता. माझी पावती पाहून म्हणाला, "पाली? तू?"

"काहून, काय झालं?"

"काही नाही. माझ्या बाबाचं लई मन होतं, मी घ्यावं म्हणून."

"मग काहून नाही घेतलं?"

"मले मार्क पाहिजे होते."

हे काही समजलं नाही. मार्क तर पालीतच मिळतात.

२७ जुलै

रविवार. काकूंनी सकाळी दोन प्लेट तर्री-पोहे वर आणून दिले. वरून संत्र्याची बर्फी. मला म्हणाल्या, "तू लई दुबळा आहे बाबू. आई काही खाऊ घालत नाही का?" आईला फोनवर सांगितलं तर तिला राग आला आणि आनंदही झाला. हॉस्टेल नाही मिळालं ते बरंच झालं.

५ ऑगस्ट

पालीच्या वर्गात आम्ही तेवीस. शिकवायला माया रामटेके मॅडम. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, पाली का घेतली. मी खरं सांगितलं, मार्कांसाठी. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "चालेल. मार्कांसाठी आलेला पोरगा तास तरी बुडवत नाही." आज त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले. हत्थ, म्हणजे हात. भत्त, म्हणजे भात. आणि घर म्हणजे घरच. अडीच हजार वर्षांत त्या शब्दाची काना-मात्राही हलली नाही. उगाच बरं वाटलं.

एका जागी बसून मला पाठ होत नाही, म्हणून गच्चीवर फेऱ्या मारत म्हणत होतो: सो गच्छति, ते गच्छन्ति. काकू गहू वाळत घालायला आल्या होत्या.

"हे काय पाठ करून राहिला? संस्कृत का?"

"नाही काकू, पाली."

"पाली म्हणजे... ते त्यांचं?"

"बुद्धाच्या वेळची भाषा आहे. पुस्तक दाखवू का?"

पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. मुखपृष्ठावरच्या मूर्तीकडे पाहिलं. "आणि तू डोंगरे," म्हणाल्या. मी हो म्हटलं. "बरं बरं," म्हणून त्यांनी नुकतेच पसरलेले गहू पुन्हा चादरीत गोळा केले. पाऊस येईल म्हणे. आभाळ तर स्वच्छ होतं.

१७ ऑगस्ट

मागच्या रविवारी पोहे आलेच नाहीत. आज एकच प्लेट आली, तीही अश्विनच्या नावानं. खिडकीतून हाक मारली, "अश्विनबाबू, घेऊन जा." त्यानं प्लेट आणून माझ्यासमोर ठेवली आणि आंघोळीला गेला. मी सगळे खाल्ले. नंतर वाईट वाटलं.

माझं काहीतरी चुकलंय. गच्चीवर मी चपला घालून फेऱ्या मारतो आणि खाली बरोबर त्यांची झोपायची खोली आहे. उद्यापासून अनवाणी.

२४ ऑगस्ट

पोळ्याला घरी नरखेडला जाऊन आलो. आईनं करंज्यांचा डबा दिला, खास काकूंसाठी. "भाड्यानं राहतो म्हणून परक्यासारखं राहू नको," म्हणाली.

डबा द्यायला दारात गेलो. काकू म्हणाल्या, "ठेव तिथं ओट्यावर." मी म्हटलं, "आईनं सांगितलं गरम-गरम खा म्हणून, पण आता थंडच झाल्या असतील." त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी फाटकाबाहेर गाय उभी होती आणि काकू तिच्यापुढं करंज्या टाकत होत्या. एकेक करून. त्यांना शुगर असेल. या वयात असतेच. पण काका तरी खाऊ शकले असते.

डबा घासून ओट्यावर ठेवला होता. मी तो आईकडे नेला की ती विचारेल, आवडल्या का. आवडल्या म्हणेन.

१ सप्टेंबर

खाली महालक्ष्म्या बसल्या आहेत. सकाळपासून सोळा भाज्यांचा आणि पुरणाचा वास जिन्यातून वर येतोय. दुपारी काका वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "अश्विन, प्रसादाले खाली ये." मी पलंगावर बसलो होतो, दोन हातांच्या अंतरावर. माझ्याकडे न पाहता ते उतरून गेले.

अश्विन गेला नाही. पोट बिघडलं, असं खिडकीतून सांगून आला. मग आम्ही दोघं चौकात जाऊन समोसे खाल्ले. त्याचं पोट चांगलं होतं.

मी म्हटलं, "तू काहून नाही गेला? तुले तर बोलावलं होतं."

"माहीत आहे मले कोणाले बोलावलं होतं," तो म्हणाला. 

९ सप्टेंबर

लक्ष लागत नाही. गेल्या महिन्यात मी काय काय केलं ते आज कागदावर लिहून काढलं. चपला. मोटर एकदा चालू राहिली आणि टाकी वाहिली. गाडी दोनदा फाटकात आडवी लावली. आतेबहीण काजल भेटायला आली तेव्हा दार उघडं होतं तरी शेजाऱ्यांनी पाहिलं असेल. यातलं कशासाठी इतकं? नळाला पाणी आलं की काकू आता अश्विनलाच सांगतात. कालपासून अंगणातल्या रांजणावर झाकणाऐवजी पाट ठेवलाय आणि त्यावर दगड. प्यायचं पाणी मी तिथूनच भरत होतो.

यादी अश्विनला दाखवली. त्यानं वाचून उलटी करून ठेवली. "तुले खरंच नाही समजत का बे?"

"काय?"

"काही नाही. दुसरीकडे खोली पाहू आपण."

"पाच महिन्यांसाठी? आणि दोघांनी? राग माझ्यावर आहे, तुझ्यावर थोडीच आहे."

तो असा पाहत राहिला की मीच नजर दुसरीकडे वळवली.

२१ सप्टेंबर

आज सगळं समजलं. 

सकाळी काकांनी अश्विनला खाली बोलावलं. अर्ध्या तासानं वर आला. दार लावलं. म्हणाला, "महिनाअखेर तू दुसरी खोली पाहावी असं काकाचं म्हणणं आहे. मी तुले समजावून सांगावं म्हणे. मी चांगल्या घरचा आहे म्हणे, तुझ्यासंग कसा राहून राहिलो ते समजत नाही त्याले."

"पण मी केलं काय?"

"तू पाली घेतली. डोंगरे आहे. पुस्तकावर बुद्ध आहे." तो खाली मान घालून बोलत होता. "तू आमच्यातला आहे असं वाटते त्याले. आणि मी पाटील."

मी आधी हसलो. खरंच हसलो. मग कानापर्यंत गरम झालो. रांजण, करंज्या, गहू, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी चप्पल न घालता जिना उतरलो. अश्विनने मागून हाक मारली, "आयुष, थांब," पण मी थांबलो नाही.

काकू खिडकीशी भाजी निवडत होत्या. मी बाहेरूनच म्हटलं, "काकू, आम्ही कुणबी आहो. कुणब्यातले तिरळे. नरखेडले कोणालेही विचारा. पाली कॉलेजात विषय आहे म्हणून घेतला."

त्या उठून दारात आल्या. चेहराच बदलला. "अरे माय. मग आधी नाही का सांगायचं, बाबू? आम्ही आपलं काय काय समजून बसलो." काकांना हाक मारली. काका हसत बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. नरखेडच्या चंद्रभान डोंगरेंचे तुम्ही कोण, वगैरे निघालं. ते माझे चुलतआजोबा. मला पाणी दिलं. स्टीलच्या ग्लासात, थंड, रांजणातलं. मी पूर्ण प्यालो.

वर आलो तेव्हा मी काहीतरी जिंकून आल्यासारखा होतो. अश्विन खिडकीशी उभा होता. तिथून खालचं सगळं ऐकू येतं.

"झालं का?" तो म्हणाला.

"झालं. आता काढत नाही मले."

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. सकाळीच केली होती त्यानं.

२४ सप्टेंबर

तीन दिवस झाले. अश्विन बोलतो, पण कामापुरतं. मी काय खोटं सांगितलं? माझ्यावर आलेलं मी दूर केलं. कोणीही केलं असतं.

पण मी खाली जाऊन 'असं वागणं बरोबर नाही' म्हटलं नाही. मी म्हटलं, 'मी तो नाही.' हे आज मंगळवारच्या नोट्स उतरवताना मध्येच सुचलं. तेव्हापासून वाक्य डोक्यातून जात नाही. आणि तो खिडकीत उभा होता.

संध्याकाळी विचारलं, "तू पहिल्या दिवशीच काहून नाही सांगितलं त्याले?"

"मले विचारलं नव्हतं त्यानं. स्वतःच ठरवलं होतं." मग म्हणाला, "मनीषनगरात, नरेंद्रनगरात चार खोल्या पाहिल्या होत्या मी जूनमध्ये. चारही जागी खरं सांगितलं होतं. ही पाचवी. इथं येईपर्यंत थकलो होतो."

जूनमध्ये मी घरी होतो. खोली शोधायचं काम मी त्याच्यावरच टाकलं होतं.

२८ सप्टेंबर

काकूंनी आज दोघांना जेवायला बोलावलं. मला वाटलं, अश्विन नाही म्हणेल. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

पाट मांडले होते. वरण, भात, वांग्याची भाजी, कढी, पुरणपोळी. काकू मला आग्रह करत होत्या, जणू दोन महिन्यांचं एकदम वाढत होत्या. अश्विन नीट जेवला. दोन पोळ्या, वर तूप मागून घेतलं. मग म्हणाला, "काकू, परवा माझे आईबाबा येऊन राहिले तुमसरवरून. दोन दिवस वर थांबतील. चालेल ना?"

"हो, येऊ दे ना बाबू. दसऱ्याचं काही काम आहे का इकडं?"

"दीक्षाभूमीवर येतात ते. दरवर्षी."

काकांचा घास हातात राहिला. "म्हणजे, पाहाले?"

"नाही काका. आम्ही बौद्ध आहो."

काकू कढीची पळी घेऊन उभ्या होत्या. ती त्यांनी ना वाढली, ना परत ठेवली. मी माझ्या ताटाकडे पाहत होतो. अश्विनकडे पाहायला पाहिजे होतं, पण मी ताटाकडे पाहत होतो.

"तुम्ही पाटील म्हटलं होतं," काका म्हणाले.

"मी नव्हतं म्हटलं. तुम्ही म्हटलं होतं."

त्यानं शेवटचा भात संपवला. ताट उचलून मोरीकडे निघाला तर काकू म्हणाल्या, "राहू दे, राहू दे ते ताट." त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, कोण जाणे. त्यानं ताट तिथंच ठेवलं, हात धुतले आणि वर गेला. मी अजून पाच मिनिटं बसून होतो. कढी-भात राहिला होता माझा.

३० सप्टेंबर

अश्विन आज गेला. मनीषनगरात एका सीनियरच्या फ्लॅटवर कोपरा मिळाला. काकांनी त्याला जा म्हटलंसुद्धा नाही. फक्त विचारलं, "मग काय ठरवलं?"

नंतर जिन्यात मला गाठून म्हणाले, "तुमच्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. आणि मी तर असलं काही मानत नाही, नोकरीत सगळ्यांसोबत जेवलो. पण घरात कुळाचार आहे, पाहुणेरावळे येतात. त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं. फसवलंच ना एका प्रकारे?"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा होऊ दे, मग पाहू. तू कशाला मधात पडतो?" अश्विनला मी म्हटलं होतं, मीही येतो. तो बॅगेची चेन लावत म्हणाला, "माझ्यामागं येऊ नको. तुले खोली आहे."

३ ऑक्टोबर

काल दीक्षाभूमीवर गेलो. अश्विनने बोलावलं नव्हतं, मीच फोन केला. लक्ष्मीनगरपासून पायी जावं लागलं, इतकी माणसं. एका मंडपाच्या कडेला देवरावकाका आणि अश्विनची आई, कांताकाकू, सतरंजी टाकून बसले होते. शेजारी तुमसरकडच्याच आणखी दहा-बारा बाया. कांताकाकूंनी मला ओढून बसवलं आणि भाकर-पिठलं हातावर दिलं.

कांताकाकू म्हणाल्या, "तुमच्या मालकाकडे पाहुणे आहेत म्हणे. नाहीतर खोली पाहायची होती मले. पोरं कसे राहतात ते."

अश्विन माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "हो काकू, लई पाहुणे आहेत."

देवरावकाकांनी विचारलं, "तू पाली शिकून राहिला म्हणे?" मी हो म्हटलं. त्यांनी दोन-चार शब्द विचारले, मी सांगितले, त्यांना फार आनंद झाला. बायांना सांगत सुटले. मग म्हणाले, "आमचा नाही घेत. मी म्हटलं तर म्हणे, आडनावात दिसत नाही ते मार्कशीटवर कशाले दाखवू." ते हसत सांगत होते. कांताकाकू हसत नव्हत्या. अश्विन पाणी आणायला उठून गेला.

जुलैत मी त्याला विचारलं होतं, काहून नाही घेतली. किती सहज विचारलं होतं.

७ ऑक्टोबर

खोलीत मी एकटा. काकू रोज काहीतरी वर पाठवतात. आज भजी. काका म्हणाले, भाच्याच्या ओळखीचा एक पोरगा आहे, "आपल्यातलाच", तो येईल सोबतीला. मला खोलीत बसवत नाही. गच्चीवर फेऱ्या मारतो, चपला घालून. कोणी काही म्हणत नाही.

मनीषनगरच्या त्या फ्लॅटवर एक जागा रिकामी होणार आहे. अश्विनला विचारलं. त्यानं आधी भाडं सांगितलं. मग म्हणाला, "ये. पण उपकार केल्यासारखा येऊ नको."

१२ ऑक्टोबर

आज बेसा सोडलं.

काका-काकूंना काय सांगायचं ते मी चार दिवस जुळवत होतो. चांगली वाक्यं तयार केली होती. सकाळी ऑटोत सामान ठेवलं आणि दारात गेलो. काकूंनी विचारलं, "काहून जाऊन राहिला बाबू? आमचं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही काकू. कॉलेज दूर पडते."

"हो, ते तर आहे," काका आतून म्हणाले.

पाया पडलो. ऑटो निघाला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो असेन.  ऑटोवाल्याला थांबवलं आणि परत चालत आलो. चालतानाही वाटत होतं की काकू दारात नसल्या तर बरं.

त्यांनीच दार उघडलं. "काही राहिलं का?"

"मघाशी खोटं बोललो काकू. कॉलेज दूर नाही पडत. अश्विनले जावं लागलं म्हणून मी जाऊन राहिलो." "आणि त्या दिवशी खिडकीशी येऊन मी जे सांगितलं, ते सांगाले नाही पाहिजे होतं मी."

तयार केलेल्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. काकूंनी मागं वळून पाहिलं. आत टीव्ही चालू होता. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याचे मायबाप उतरले कुठं मग?"

"मैदानावर. मंडपात."

"म्हातारे आहेत?"

"तुमच्याएवढे."

त्या कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.  आतून काकांनी विचारलं, "कोण आहे?" काकू म्हणाल्या, "कोणी नाही," आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

मनीषनगरला पोचलो तर अश्विन जमिनीवर बसून असाइनमेंट लिहीत होता. "उशीर काहून झाला?"

"काकूंशी बोलत होतो."

"काय म्हणे?"

"तुझ्या आईबाबांचं विचारत होत्या. कुठं उतरले म्हणून."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आता विचारतात," तो म्हणाला. मग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. तासभर होत आला. मी सामान अजून बांधलेलंच ठेवलंय, तो वळून काही म्हणेल म्हणून.